हलक्या हवेतली आजी

शशिपुरात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हसून हसून त्याचं पोट दुखतं. चंद्रावरच्या या नगरीत भलेभले अभियंते चिमणीच्या आवाजात भांडतात. दोष गळ्याचा नाही, हवेचा आहे. चंद्राच्या मातीतून हेलियम हवा तेवढा निघतो. नायट्रोजन मात्र पृथ्वीवरून आणावा लागतो. म्हणून घुमटाखाली प्राणवायूत हेलियमच मिसळतात. आठवडाभरात नवा माणूसही चिवचिवू लागतो आणि हसणं थांबतं.

हिराबाई म्हात्रे या नगरीची स्वयंपाकीण. मूळची उरणकडची आगरीण आणि धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. नात मयुरी खाली उरणला रांगत होती तेव्हा हिराबाई इथे आली आणि इथलीच झाली. आता मयुरीचं लग्न ठरलं होतं. नातीच्या हळदीला धवले मीच गाणार, ही बातमी हिराबाईने भाकरीबरोबर सगळ्या नगरीला वाढली होती. पृथ्वीवर जायच्या परवान्यासाठी हाडं, हृदय, सगळ्या तपासण्या पार पडल्या. छातीची तेवढी राहिली होती.

ती करायला हेमांगी वाघुळदे बसली होती. हेमांगी परिचर्या-चिकित्सक होती. परिचारिकेचं काम करता करता पुढे शिकून स्वतः तपासणी आणि उपचार करणारी. श्वासाचा आवाज ऐकणाऱ्या श्वासवेधक यंत्राने केव्हाच हिरवा दिवा दाखवला होता. पण हेमांगीला एक शिस्त मोडवत नसे: आधी नीट बघायचं, मग हात लावायचा, मग ठोकायचं, कान सगळ्यात शेवटी. स्तनांत गाठ नव्हती. मग तिने बरगड्यांवर बोट टेकवून दुसऱ्या बोटाने ठोकलं आणि ती थबकली. दोन्हीकडे रिकाम्या माठासारखा आवाज येत होता. शिवाय हिराबाई श्वास सोडायला जरा जास्तच वेळ घेत होती. स्टेथोस्कोपची नळी लावून ऐकलं तर आत सगळं शांत.

आरोग्यकेंद्राचे प्रमुख डॉ. पितळे आले. श्वासवेधक त्यांनीच जुळवलेला, त्यामुळे लेकराबद्दलची तक्रार ऐकावी तसं ते ऐकत होते. यंत्र चुकणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

"चुकलं नाहीच, सर," हेमांगी म्हणाली. "श्वासनळ्या आकसल्या की जड हवा त्यांतून घुसळत जाते आणि शीळ वाजते. हेलियम हलका. तो अरुंद नळीतूनही मुकाट निघून जातो. यंत्राला शीळ ऐकू येणार कुठून? पण श्वास सोडल्यावरही आत अडकलेली हवा कुठलीही असो, ठोकलं की पोकळच वाजते."

"म्हणजे इथे त्या ठणठणीत आहेत."

"इथे आहेत. लग्न उरणला आहे."

पितळे स्वतःवरच हसले. इतकी वर्षं ते चंद्राच्या हवेत छाती तपासत होते आणि परवाने पृथ्वीच्या हवेचे देत होते.

तिघंही पृथ्वीकक्षात गेली. नगरीतल्या त्या एकाच खोलीत खालची, पृथ्वीची हवा भरलेली होती. आत जाताच हिराबाईचा जुना, भरदार आवाज परत आला. तिला इतका आनंद झाला की तिने तिथेच धवला धरला. दुसरी ओळ मात्र पुरी होईना. शीळ आता नळीशिवायच ऐकू येत होती.

"नातीचं लगीन हाय गो बाय," ती धापा टाकत म्हणाली. "तू कायच आयकलं नाय म्हन."

हेमांगीने तिला आधार देऊन बसवलं. "आजी, ऐकलं ते ऐकलं. पण जाऊ नका असं कुणी म्हटलं?"

नळ्या मोकळ्या करणारं औषध सुरू झालं. शिवाय हेमांगीने कमरेला अडकवायची एक कुपी आणि तिला जोडलेला मुखवटा दिला. कुपीत शशिपूरची हवा होती. दम लागला की ती घ्यायची, या अटीवर परवाना मिळाला. हिराबाईने नाक मुरडलं. भर मांडवात चिवचिवायचं म्हणजे चार धवलारणींत शोभा होईल, असं तिला वाटत होतं.

ती उरणला पोहोचली ती थेट हळदीच्या मांडवात. कुपी पदराखाली लपवलेली. औषधाने गुण दिला होता. पहिला धवला तिने भरदार आवाजात, सावकाश, पुरा गायला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. शशिपुरात पडद्यावर हळद बघत बसलेल्या हेमांगीने सवयीने कान दिला. शीळ नव्हती.

मयुरी मात्र हळदीने माखलेली, चुळबुळत बसली होती. ती आजीच्या कानाशी वाकली.

"आजी, मस्त गातेस. पण या आवाजाने तू मला कधी निजवलंच नाहीस."

हिराबाईला तेव्हा कुठे उमगलं. रोज चंद्रावरून तिने या पोरीला अंगाई म्हटली होती, ती कुठल्या हवेत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दम लागला नव्हता, तरी तिने पदराखालून कुपी काढली, मुखवट्यातून खोल श्वास घेतला आणि चिमणीच्या आवाजात दुसरा धवला धरला. मांडव खो खो हसला. मयुरीने डोळे मिटले आणि आजीच्या मांडीवर डोकं टेकलं. हिराबाईच्या नव्या लुगड्याला हळद लागली, ती तिने पुसली नाही.