आत खोचलेलं टोक

धाकटीला बुटाची नाडी काही केल्या बांधता यायची नाही. इंजेक्शन द्यायला ती शिकली, सलाइन लावायला शिकली, फुटलेली मांडी दाबून धरताना पोटातली उलटी गिळायलासुद्धा शिकली. पण नाडी हातात आली की झालाच गुंता! मग रोज सकाळी थोरली तिच्यापुढे उकिडवी बसायची.

"तुझ्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवते, नाडीसकट पदरात घे म्हणून."

"बूटपण त्यालाच घालू देत. मी नुसती पाय पुढे करणार!"

दोघी सख्ख्या बहिणी, दोघीही नर्स. मदतपथकाचं रुग्णालय एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. कोपऱ्यात गाद्यांची चळत, भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा, आणि मधोमध, पूर्वी जिथे टेबल टेनिस चालायचं, त्याच टेबलावर आता माणसांचे पाय कापले जायचे.

थोरलीचं काम दारात. तोफा सुरू झाल्या की जखमी लोंढ्याने यायचे आणि डॉक्टर तर एकच. म्हणून ती प्रत्येकाच्या मनगटावर कापडाची पट्टी बांधायची. लाल म्हणजे आधी टेबलावर. पिवळी म्हणजे थांबू शकेल. काळी म्हणजे खिडकीखाली न्या, पाणी पाजा, हात धरून बसा. आणि नियम असा कडक, की दारात बांधलेली पट्टी आत कुणी म्हणजे कुणी सोडायची नाही. एका बापाने एकदा मुलाची काळी काढून लाल बांधली होती. मुलगा गेलाच, वर टेबलाची वाट बघत दोन लालवालेही गेले.

हा नियम मोठ्या बाईंचा. थोरलीच्या आधी दारात त्या असायच्या. डावखुऱ्या. एकाच हाताने गाठ मारायच्या, अंगठ्याने टोक आत खोचायच्या आणि म्हणायच्या, "चला, पुढचं." ती गाठ सगळ्यांनी करून बघितली, कुणालाच जमली नाही. मग एके दिवशी गोळा दारातच पडला. बाईंना ओळखायला एप्रनचा खिसा तेवढा उरला होता.

पहिल्यांदा घडलं तेव्हा थोरलीने स्ट्रेचरवाल्यांनाच झापलं. पोटरीला जखम झालेल्या एका सुताराला तिने पिवळी बांधली होती. चांगला गप्पा मारत होता. दुपारी बघते तर खिडकीखाली थंडगार, आणि मनगटावर काळी.

"कुणी बदलली?"

"तुम्हीच बांधली असणार ताई, आम्ही कशाला हात लावू?"

ती वाकली. गाठीचं टोक दिसेना. ते आत खोचलेलं होतं.

दुसरा भोंगा. भोंगा म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. त्याचा आवाज गाडीच्या आधी पोचायचा. सकाळी चहा पिता पिता त्याने मनगट पुढे केलं. साधं खरचटलेलंही नव्हतं.

"काय हो ताई, मला जिवंतपणीच निकालात काढलं? निदान चहा तरी संपवू द्यायचा!"

सगळे हसले. काळी पट्टी, आत खोचलेलं टोक. थोरलीने कात्री काढली, तोवर बाहेरून हाक आली आणि तो पळाला. तासाभराने त्याला चादरीत आणलं. चादरीला वजनच नव्हतं. एका कोपऱ्यातून हात बाहेर लोंबत होता, पट्टी जशीच्या तशी.

तेव्हापासून थोरली येता-जाता सगळ्यांची मनगटं बघू लागली. काळ्या पट्ट्यांचं बंडल तिने स्वतःच्या खिशात कोंबलं आणि वर पिन लावली.

एका दुपारी धाकटी पाणी प्यायला नळापाशी उभी होती. ग्लास उचलला, बाही मागे सरली.

काळी.

थोरलीने कात्री काढली. धावली, हात धरला, कचकन पट्टी कापली.

"अगं ताई, कातडी कापशील! हे काय होतं?"

"आत चल. माझ्यासमोरून हलायचं नाही."

"वेड लागलंय का तुला?" ती हसली आणि दोन पावलं मागे झाली. खेळकरपणे, नेहमीसारखी.

भिंत आत आली.

आधी भिंत, आवाज नंतर. विटा, काचा, धूर. नळ उखडला आणि पाणी लाल होऊन वाहायला लागलं. थोरली ढिगाऱ्यात हातांनी उकरत होती, नखं निघाली तरी उकरत होती. धाकटी सापडली. उजवा हात खांद्यापासून गेला होता, रक्त पिचकारीसारखं उडत होतं. थोरलीने मूठच आत घातली आणि दाबून धरली.

उरलेल्या डाव्या मनगटावर काळी पट्टी होती.

तिने ती दातांनी फाडली. लाल बांधली.

दाराशी लाल पट्टीची एक बाई आधीपासून वाट बघत होती. थोरलीने स्ट्रेचर तिच्यापुढून रेटलं.

"ही काळी वाटते," डॉक्टर म्हणाले.

"लाल आहे. दारात मी बसते."

डॉक्टरांनी पट्टीकडे पाहिलं आणि सुरी घेतली. दाराशी ती बाई कण्हत होती. मग कण्हायची थांबली.

धाकटी जगली. ताप उतरला, ओठांना रंग आला. एका सकाळी थोरली आली तेव्हा ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. डोळे मिटलेले, पायांत बूट.

थोरली हसली. "बूट कुणी घातले गं? थांब, नाडी बांधते." नेहमीसारखी ती उकिडवी बसली.

नाड्या बांधलेल्या होत्या. दोन्ही.

तिने नखाने टोक शोधलं. सापडेना.

वर थोरलीच्या एप्रनच्या खिशाची पिन अलगद निघाली. डावा हात आत गेला.

"चला," धाकटी म्हणाली, "पुढचं."