आश्विनातल्या रेघा

उपकेंद्रात झडपवाचक आला त्याला दोन वर्षं झाली होती. सुपारीएवढं यंत्र. बरगडीवर चिकटवलं की ते हृदयाच्या झडपेवरचे वण वाचायचं आणि कुठला वण कोणत्या महिन्यात पडला तेही सांगायचं. गावानं त्याचं नाव ठेवलं जोशीबुवा. फरक एवढाच, की हे जोशीबुवा फक्त मागचं सांगत. पुढचं विचारलं तर गप्प.

शाळेचा जिना चढताना तेरा वर्षांच्या ओवीला धाप लागू लागली, म्हणून मयूरी लेकीला घेऊन आली होती.

"सांधेतापानंतरचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी चालू आहे ना?" नुकत्याच बदलून आलेल्या गोदाताई सिस्टरांनी विचारलं.

"सहा वर्षं झाली. ओढ्याला पूर आलेला, तरी पाठुंगळी मारून आणलीय हिला." मयूरीच्या बोलण्यात बढाई नव्हती. खरंच आणली होती.

पडद्यावर झडप उमटली. जाड, आक्रसलेली. तिच्यावर पाच रेघा. पहिली तापाच्या वर्षातली. उरलेल्या चार वेगवेगळ्या वर्षांतल्या, पण महिना एकच.

"दर खेपेला आश्विन?" गोदाताईंनी चष्मा वर सारला. "नवरात्रात काय करता हो?"

मयूरीनं अडखळत सांगितलं. नवरात्रात ओवी कुमारिका म्हणून पाटावर बसायची. दूधपाण्यानं पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, नऊ दिवस नऊ घरची खीर. पाटावर बसवलेल्या देवीला सुई कशी टोचायची? इंजेक्शन दसऱ्यानंतर. नऊ-दहा दिवसांचा तर प्रश्न!

"घशातला जंतू आणि झडप, दोन्ही शरीराच्या शिपायांना सारखीच दिसतात," गोदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "औषधाचा पहारा उठला, घसा धरला, की ते दोघांनाही झोडपतात."

"यंदा नाही चुकवणार. आत्ताच द्या."

"देतेच. नवा घाव टळेल. पण कालव्याचं दार एकदा वाकलं की पाणीच त्याला आणखी वाकवतं ना? तसं आता रक्तच या वणावर आदळतंय. झडप बहुतेक बदलावी लागेल, मयूरीताई."

ओवीनं सुई मुकाट्यानं टोचून घेतली. मग पडद्यावरच्या चौथ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही बघ आई. आठवतंय? मी म्हणाले होते, घसा दुखतोय, खीर गिळवत नाही."

मयूरीला आठवलं. स्वतःचं उत्तरही आठवलं. लेकीचे ओले पाय पदरानं पुसत, किती कौतुकानं ती म्हणाली होती, "वेडाबाई, देवीनं कुठं कुरकुरायचं असतं का?"

 ती ओवीच्या दंडावरचा कापूस तेवढा दाबून धरून राहिली.

घटस्थापनेला चार दिवस होते. वाटेत दोन बायकांनी हटकलं, "यंदाही आमच्याकडे पहिल्या माळेला हं!" ओवी हसली, चार पावलं चालली, धाप लागली म्हणून थांबली.

"आई," ती म्हणाली, "देवीला दुखलं तर तिनं कुणाला सांगायचं गं?"