चहा झाला

रोज चार वाजता माई जिन्याखालून ओरडायची, "अहो, चहा झाला!" वरून बापू म्हणायचे, "दोन मिनिटं!" माधव नगरातल्या त्या घरात भार्गवी या दोन हाका ऐकतच मोठी झाली.

माईचा घसा बसायला लागला तेव्हा बापूंनी एक प्रोग्रॅम लिहिला. खाली माईने बटण दाबायचं, वर बापूंच्या स्क्रीनवर चहाची वर्दी. त्यांनी उत्तर टाइप केलं की ते खाली. त्यांच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तो झकास चालला. माईचा लॅपटॉप विंडोजचा. त्याच्यासाठी तयार करायचा राहिला, आणि बापू गेले.

उद्या माई सुमीतकाकाकडे पुण्याला जाणार होती, कायमची. वरची खोली रिकामी झाली होती. कॉम्प्युटर, टेबल, कपाट, सगळं कबाडीवाल्याने टावर चौकाकडे नेलं. माईची बॅग मात्र अजून रिकामीच. "यांना इथे सोडून कशी जाऊ?" एवढंच तिचं पालुपद.

बापूंचा कोड पेनड्राइव्हवर होता. अकरावीतल्या भार्गवीने बाह्या सरसावल्या. "तू जायच्या आधी चालवून दाखवते. पक्का!"

"तुझ्या आजोबांना नाही जमलं, बाई."

"त्यांच्याकडे मी कुठे होते?"

कोडाचा प्रोग्रॅम करणारा फुकटातला कंपायलर उतरवला. लाल अक्षरात चुकांची रांग लागली. तिने एकेक निस्तरली. प्रोग्रॅम तयार झाला, पण क्लिक केल्यावर रुसला: सोबत लागणारी एक डीएलएल फाइल सापडत नाही. हात्तेरी! ती फाइल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवायची राहिलीच होती. तिने फोल्डर उघडलं.

फाइल शेजारीच होती.

"मीच ठेवली असेन," ती पुटपुटली.

या वेळी प्रोग्रॅम सुरू झाला. लिहायला पांढरा चौकोन, खाली मोठं बटण: चहा झाला.

"दाब, माई. वर कुणी नाही, उत्तर येणार नाही. पण दाब ना!"

माईने पदराला हात पुसले आणि दाबलं.

*दोन मिनिटं.*

भार्गवी खळखळून हसली. बापू पण ना! उत्तर कोडातच लिहून ठेवलं असणार. तिने कोडात शोधलं. ते शब्द कुठेच नव्हते.

बाहेरून कुणी चेष्टा करत असेल म्हणून तिने वायफाय बंद केलं.

"त्यांना लिही," माई शांतपणे म्हणाली, "उद्या मी पुण्याला चालले."

"माई, अगं..."

"लिही गं. न सांगता कशी जाऊ?"

भार्गवीने लिहिलं.

*माहीत आहे. सामान बांधतोय.*

"मफलर घ्या म्हणावं," माई म्हणाली आणि दुसऱ्या कपात चहा ओतू लागली.

वर कपाटाचं दार करकरलं.