घंटीच्या मागं

लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी दुष्काळानं खाल्ली होती. तरी शिवगंगाबाईंच्या डोक्यातून सहल काही जात नव्हती. वर्गातल्या चाळीस पोरांना देवणीकडचं रान एका दिवसात दाखवायचं, आणि मुख्य म्हणजे जिवंत झरा. टँकरखेरीज पाणी पाहिलंच नव्हतं बिचाऱ्यांनी. हेडमास्तरांची अट एकच होती: झऱ्याला पाणी असेल तरच सहल.

म्हणून बाई आधी एकट्याच पाहणीला आल्या. वाटाड्या मिळाला ग्यानोबा, जन्मभर गुरं राखलेला म्हातारा. पण हा वाटाड्या पुढं चालायलाच तयार नाही!

"गुराखी मागूनच चालतो, बाई. तुमी घंटीच्या मागं चला."

भर दुपार होती. पळसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. पुढं झुडपांआड खरंच घंटी वाजत होती, अगदी संथ. बाई थांबल्या की तीही थांबायची. बाईंना गंमत वाटली. पोरं तर खुळावतील, त्या मनाशी म्हणाल्या.

"मामा, गाय कुणाची?"

"माझीच की. चांदी. लई गुणाची हाय."

उतार संपला. झऱ्याच्या जागी नुसते पांढरे दगड. बाईंचा चेहराच पडला, संपली सहल. घंटी त्या दगडांतच वाजत होती. गाय मात्र कुठंच दिसेना.

"मामा... चांदी कुठंय?"

ग्यानोबानं झोळीतून एक गंजकी घंटी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मागल्या उन्हाळ्यात गेली. पाण्यासाठी इथवर आणली हुती... बसली ती उठलीच न्हाई. गाभण हुती, बाई. महिनाच राहिला हुता." त्याचे डोळे भरून आले. "आता एकटीच फिरती बिचारी."

त्याच्या हातातली घंटी गप्प होती. दगडांतली वाजतच होती.

तिथली माती दबली. एक खूर उमटला आणि त्यात पाणी भरून आलं. मग दुसरा, तिसरा... ओल्या मातीचा वास सुटला. बघता बघता दगडांवरून धार लागली.

"आणा पोरांना," म्हातारा मायेनं म्हणाला. "चांदी पाजील."

बाईंच्या अंगावर काटा आला होता, तरी ऊर भरून आला. त्या वाकल्या. मोठ्या खुरांच्या शेजारी, चिखलात, इवलेसे खूर उमटत होते. धडपडत, अडखळत, त्यांच्याच दिशेनं...

आणि कुणीतरी त्यांच्या पदराचं टोक हळूच चघळायला लागलं.