शेवटची ओळ

जेवणाच्या सुट्टीत गणित विभागाचं सभागृह ओस पडलं की बाई व्याख्यानाची तालीम करायच्या. समोर ऐंशी खुर्च्या. माणूस उठला की स्प्रिंगने आपोआप वर दुमडणाऱ्या. अकरा वर्षं बाई एकाच सिद्धतेमागे हात धुऊन लागल्या होत्या. घरी ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. खुर्च्या बऱ्या, मध्येच घड्याळ तरी बघत नाहीत.

सिद्धतेची रीत जुनीच. जी संख्या नाही असं दाखवायचंय, ती आधी आहे असं धरायचं. मग तिच्याहून लहान दुसरी असावी लागते, तिच्याहून लहान तिसरी, आणि रांग थांबतच नाही. तसं तर होऊ शकत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत लिहायचं, पहिलीच खोटी, ती संख्या नाहीच.

बाईंनी लिहिलं, 'समजा, अशी एक आहे.' मागे कर्र झालं. शेवटच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची खाली आली होती. शेवटची ओळ लिहिताच ती वर गेली.

बाईंनी शिपायाला बोलावलं.

"स्प्रिंग ठणठणीत आहे की, मॅडम," तो खुर्ची दाबून म्हणाला. "कोणी बसल्याशिवाय खाली राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी बाईंनी शेवटची ओळ लिहिलीच नाही. खुर्ची खालीच राहिली. तिच्याकडे तोंड करून बाईंनी डबा खाल्ला. कितीतरी वर्षांनी त्यांना एकटं वाटलं नाही. मग महिनाभर ती ओळ त्यांनी टाळली.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं. कोपऱ्यातली खुर्ची तेवढी रिकामी होती, आणि खाली होती. आज सिद्धता पुरी झाली की ती संख्या आहे असं पुन्हा कोणी धरणार नव्हतं. बाईंचा खडू फळ्यावर टेकून राहिला.

"मॅडम, एकच ओळ राहिली ना?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नाही सर. मधे चूक आहे," बाई धडधडीत खोटं बोलल्या. "हे सिद्ध होत नाही."

"अकरा वर्षं, मॅडम!"

बाईंनी खडू ठेवून दिला. मुलं उठली, खुर्च्या फटाफट वर गेल्या.

बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

कोपऱ्यातली खुर्ची वर गेली.

मग त्यांच्या शेजारची खाली आली. बाईंचे डोळे भरून आले.

मग तिच्या पलीकडची, जरा हलक्या वजनाने.

मग तिच्या पलीकडची, जेमतेम अर्धी.