स्तेपानचं पदक

ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या घरात घडलेली आहे, आणि तेव्हा मी तिथेच उभी होते.

२०१० चा डिसेंबर. ओटावाजवळचं कनाटा. आमच्या बॅकयार्डमागे एक तळं आहे.

माझा नवरा जयदीप टेलिकॉममध्ये इंजिनिअर. त्याला नाद एकच... सोव्हिएत सैनिकांची महायुद्धातली शौर्यपदकं. सेनापतींची नाही, साध्या शिपायांची. ऑनलाइन लिलावात घ्यायचा, मागचा नंबर मॉस्कोतल्या एका संशोधकाला पाठवायचा, आणि ते कोणाला कशासाठी मिळालं ते शोधून काढायचा.

त्या महिन्यात एक नवीन आलं. चांदीचं. वर विमानं, खाली रणगाडा.

स्तेपान नावाच्या शिपायाचं होतं ते. गोठलेल्या नदीवरून त्याने जखमी सोबत्यांना पाठीवर घालून आणलं होतं. मग छातीत थंडी भरून तो गेला.

जयदीपने पदक बेसमेंटमधल्या काचेच्या कपाटात लावलं.

आणि खोकला सुरू झाला...

ओला. खोल. खालून.

"फर्नेस असेल गं," जयदीप म्हणायचा.

माणूस बोलावून घर गरम करणारी ती भट्टी तपासून घेतली. फर्नेस ठणठणीत होती.

मग ती संध्याकाळ. बाहेर अंधार पडला होता, बर्फ भुरभुरत होता. मी पोळ्या लाटत होते. तळ्याकडून हाक आली...

"हेल्प!"

शेजारचे वॉल्टर. सत्तरीचे, एकटे राहणारे. कुत्र्यामागे गोठलेल्या तळ्यावर गेले असणार आणि बर्फ फुटला असणार.

"जयदीप, जा ना अरे! दोर घे काहीतरी! मी नाइन वन वनला फोन करते."

तो मागच्या पॅटिओच्या सरकत्या दारापर्यंत गेला. कडीला हात लावला.

आणि थांबला.

"बर्फ पातळ आहे, मृणाल. मीही आत जाईन. फायरवाले येतीलच."

पुन्हा हाक आली. आधीपेक्षा बारीक.

तो हलला नाही.

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यावर बूट वाजले...

जड. सावकाश.

घरात आम्ही दोघंच होतो.

पावलं माझ्या पाठीमागून गेली. भिजलेल्या लोकरीचा वास आला. जयदीप भिंतीला चिकटला. दार आपोआप सरकलं... थंडी आत घुसली...

बाहेर कोणीच दिसेना.

हाका थांबल्या. आता नुसती शांतता.

फायर ट्रक आला तेव्हा वॉल्टर काठावर पडले होते. नखशिखांत भिजलेले, पण जिवंत.

"जयने आणलं मला," ते कुडकुडत सांगत होते. "त्याच्या घरातून आला. पाठीवर घेतलं मला."

फायरमनने जयदीपचा खांदा थोपटला. "गुड जॉब, सर."

जयदीपच्या पायात घरातल्या स्लिपर होत्या. कोरड्या.

"थँक यू," तो म्हणाला.

आमच्या दारापासून तळ्यापर्यंत बुटांचे ठसे उमटले होते. परतीचे... नव्हते.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला. तिथे जाताना गाडीत मी म्हटलं, "नको म्हणून सांग ना त्यांना."

"आणि कारण काय सांगू? भूत?"

"तू गेला नव्हतास, एवढं तरी सांग."

त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

स्टेजवर मंडळाच्या शीलाताई म्हणाल्या, "आपला शूर जयदीप!" त्याची मान वर झाली नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज मला सहन होत नव्हता.

पुढच्या आठवड्यात वॉल्टर ॲपल पाय घेऊन आले. डोळ्यांत पाणी. त्यांनी जयदीपला घट्ट मिठी मारली.

मग हळूच लांब झाले. त्याच्या भरदार खांद्यांवरून हात फिरवत राहिले.

"त्या दिवशी तर..." ते पुटपुटले, "नुसती हाडं लागत होती."

जयदीपने खाली पाहिलं. मीही.

वॉल्टर काही विचारतील म्हणून मी थांबले होते. त्यांनी विचारलं नाही. कोट घातला आणि निघाले.

आजही रस्त्यात दिसले की ते हात करतात. घरात मात्र येत नाहीत.

आणि आम्हीही त्यांना बोलावत नाही.