शालूवहिनीचा नवस

उत्तमरावांनी फोन खाली ठेवला. त्यांची बायको शालूवहिनी देवापुढं निरांजन लावत होती, तिच्याकडं न पाहताच ते म्हणाले, "गजू साऱ्या कारखान्याचा मुख्य झाला." आणि मग खालच्या आवाजात, "वहिनीले सांगा, असं काही तो म्हनला नाई."

त्या शेवटच्या शब्दांनी तिच्या काळजात चर्र झालं... पण क्षणभरच. दुसऱ्या क्षणी तिनं अंबादेवीच्या तसबिरीपुढं कपाळ टेकवलं आणि डोळ्यांना धारा लागल्या. ज्या दिवसासाठी तिनं आपला जीव देवीपाशी बांधून ठेवला होता, तो दिवस आज उगवला होता!

सासूच्या माघारी धाकट्या दिराला, गजेंद्राला, तिनंच वाढवलं. चांदूर बाजारच्या मळ्यात ती शेवंती तोडायची आणि तो बांधावर बसून गणितं सोडवायचा. इंजिनिअर होऊन तो अकोल्याला गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. एकदा तयार मालात त्याला केसाएवढ्या भेगा दिसल्या आणि भरलेला ट्रक त्यानं स्वतः फाटकावर अडवला. कोणाचे तरी जीव वाचले असतील, पण वरच्या साहेबांनी रागानं त्याला गोदामाच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. खरं बोलून काय मिळालं, असं म्हणत तो घरी भिंतीकडं तोंड करून पडून राहिला, तेव्हा वहिनीला ते पाहवलं नाही. ती देवीकडं गेली.

चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी भात. पण सोडायचं तर जिवापाड आवडीचं सोडावं, असं तिला वाटे. आणि तिच्या मनात एकच हौस होती... हातानं वाढवलेल्या या लेकराच्या संसारात बसून पोटभर जेवावं. तीच तिनं देवीच्या पायाशी ठेवली. हा पोरगा त्याच कारखान्याचा मुख्य होईपर्यंत त्याच्या घरच्या अन्नाचा कण तोंडात घालणार नाही! सांगितलेल्या नवसाचं फळ जातं, म्हणून तिनं नवऱ्यालाही कळू दिलं नाही.

गजेंद्र मात्र त्या कोपऱ्यातूनच पुन्हा वर आला. कामगारांच्या पाळीत उभा राहिला, एकेक भाग हाती घेऊन पारखला, आणि ज्यांनी त्याला खाली लोटलं त्यांनाही त्याचा शब्द मानावा लागला. मधल्या काळात त्यानं दुसऱ्या जातीतल्या प्रतीक्षाशी लग्न केलं. वहिनीनं हौसेनं तिची ओटी भरली. पण अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या वास्तुशांतीला प्रतीक्षानं पुढं ठेवलेल्या ताटाला वहिनीनं नुसते हात जोडले. पंगतीत कुजबूज झाली. परजातीची म्हणून वहिनीला आपल्या बायकोच्या हातचं चालत नाही, ही सल गजेंद्राच्या मनात रुतली आणि त्याचं मळ्यात येणंच थांबलं.

आज ती अकोल्याला निघाली तेव्हा उत्तमरावांनी तिला टोमणा मारलाच, की पुन्हा उपाशी बसून माझ्या भावाच्या आनंदात माती कालवशील. ती तशीच बसमध्ये चढली.

प्रतीक्षानं दार उघडलं, वाकून नमस्कार केला आणि फक्त पाणी आणलं. तुम्ही काही घेत नाही म्हणून विचारत नाही, हेही तिनं शांतपणे सांगितलं.

"मले जेवाले वाढ, बाई," शालूवहिनी म्हणाली.

आतल्या खोलीतून गजेंद्र बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काहून वहिनी? साहेब झालो म्हणून आता आमचं अन्न चालते काय?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं... पण घास पोटात गेल्याशिवाय नवस फिटणार नव्हता. ती ताटासाठी खाली बसली.

"दारात आलेल्या माणसाला मी जेवू घालते," प्रतीक्षा नवऱ्याला म्हणाली. "का आल्या ते मागून विचारा." आणि तिनं सकाळचं वरण नि दोन पोळ्या वाढल्या.

पहिला घास गिळून झाल्यावर वहिनी बोलली. गोदामाचा कोपरा, देवी, नवस... सगळं. गजेंद्र मटकन तिच्या पायाशी बसला. एवढी मोठी जबाबदारी पेलणारा तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

प्रतीक्षा मात्र उभीच होती. "ताई, इतकी वर्षं मी स्वतःलाच कमी समजत होते," ती हळूच म्हणाली. "माझ्या हाताला काहीतरी लागलंय, असं वाटायचं."

शालूवहिनीचा हात ताटातच थांबला. देवीपाशी तिनं आपली हौस ठेवली होती, पण उपास घडला तो या परक्या घरून आलेल्या लेकीला! हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"चुकलं माहं," ती म्हणाली. "नवस माहा होता अन् उपाशी तुले ठेवलं मी."

तिनं प्रतीक्षाचा हात धरून तिला शेजारी बसवलं, ताट दोघींच्या मधे सरकवलं आणि दुसरा घास तिच्या तोंडाशी नेला. प्रतीक्षानं क्षणभर त्या हाताकडं पाहिलं... मग तोंड उघडलं. नंतर तिनं त्याच ताटातली पोळी मोडली आणि वरणात बुडवून थोरल्या जावेला भरवली.